हरकतीचे बांगडे

जोडून सुटी आली की गृहस्थाने सहकुटुंब कोठेतरी गेलेच पाहिजे, असा कायदा अद्याप कोणत्याही विधिमंडळाने संमत केलेला नसला, तरी त्याचा अंमल इतर सर्व कायद्यांहून कडक आहे, हे मी आता स्वानुभवाने सांगू शकतो. एकट्यादुकट्या रविवारी घरी लोळत पडलेल्या माणसाकडे शेजारी सहानुभूतीने पाहतात. परंतु शनिवार, रविवार आणि त्यांच्या शेपटीला सोमवारी आलेली २६ जानेवारी असे तीन दिवस हाताशी असताना जो इसम लेंगा-बंडीवर आपल्या गॅलरीत वर्तमानपत्र वाचताना सापडतो, त्याच्याविषयी सोसायटीत प्रथम आजारपणाची, नंतर कर्जबाजारीपणाची आणि सायंकाळपर्यंत कौटुंबिक बेबनावाची वदंता उठते. यंदा अशी वदंता आमच्याविषयी उठू नये, एवढ्याच हेतूने आम्ही मालवणास गेलो. समुद्रदर्शन, हवापालट, इतिहासाचे स्मरण वगैरे कारणे मागाहून जोडण्यात आली.

आमच्या घरी नवे कॅलेंडर डिसेंबरात येते आणि खिळ्यावर चढण्यापूर्वी त्याचे साद्यंत वाचन होते. आजीच्या वेळी पंचांग उघडले जाई ते एकादशा, संकष्ट्या आणि ग्रहणे यांच्यासाठी. आता बाराही पाने उलटली जातात ती कोणती सुटी कोणत्या वारी पडली आहे एवढे पाहण्यासाठी. एखादी जयंती रविवारी पडलेली आढळली, की त्या थोर पुरुषाने जन्म घेताना थोडा अधिक विचार करावयास हवा होता, असा सूर घरात उमटतो. आणि ज्यांची शुक्रवारी किंवा सोमवारी येते, त्यांच्या कार्याविषयीचा आदर त्या वर्षापुरता द्विगुणित होतो. प्रजासत्ताक दिन सोमवारी आल्याचे प्रथम आमच्या सौभाग्यवतींच्या दृष्टीस पडले. त्यांनी ते तत्काळ आपल्या थोरल्या बहिणीस कळविले. आणि थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे माझ्या साडूंनी, त्याच रात्री एक दोनशे पानी वही उघडून पहिल्या पानावर ‘विषय : मालवण प्रवास’ असे लिहून त्याखाली तारखेसह सही केली. त्या क्षणी सुटी आमच्या हातून गेली.

साडू मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले आहेत, निदान सरकारदरबारी तशी नोंद आहे. त्यांच्या घरी मात्र ते निवृत्त झाल्याचे अद्याप कोणाच्या अनुभवास आलेले नाही. सार्वजनिक सुटी ही त्यांच्या लेखी आनंदाची गोष्ट नव्हे, ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खालील बाब आहे, आणि हे कलम ते बारशाच्या पंगतीतही ऐकवितात. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, आणि साडू त्याच्या आधी अवघे सात महिने निवृत्त झाले. तेव्हा उभ्या नोकरीत जे जे शनिवार कचेरीत खर्ची पडले, त्यांची थकबाकी वसूल करण्याचे काम त्यांनी उर्वरित आयुष्यासाठी हाती घेतले आहे. ज्याला बारा महिने सुटीच आहे, त्याने एखाद्या रिकाम्या मंगळवारी निवांत निघावे, मोकळ्या रस्त्याने जावे आणि निम्म्या भाड्याच्या खोलीत उतरावे, असे मी एकदा सुचवून पाहिले होते. साडू गंभीर झाले. “कामाच्या दिवशी मुख्यालय सोडायचे?” असे म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले, की मला क्षणभर आपण निलंबित झाल्याचा भास झाला.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढील सर्व अनर्थ तिच्या पोटी जन्मला. साडू माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीस पंढरपूर, आणि अंड्याचा संशय असलेला केकदेखील वर्ज्य. अशा पुरुषाने मालवणास जाऊन करावयाचे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण स्थळाची निवड दोघी बहिणींनी केली होती. आमच्या मेहुणीबाईंनी लग्नाच्या वेळीच माहेरच्या आहाराचा हक्क तहनाम्यात राखून ठेवला आहे. मत्स्याहाराच्या बाबतीत त्या दोघी आणि मी एका पक्षाचे, आणि साडू अल्पमतात असूनही कायम अध्यक्षस्थानी.

शुक्रवारी रात्री नऊ वाजता पुणे सोडले, म्हणजे सोडण्याचा उपक्रम केला. कात्रजचा बोगदा मागे पडला तेव्हा साडेअकरा झाले होते. आमच्या पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंस, वदंतेच्या भयाने घराबाहेर पडलेली अवघी नगरी सरकत होती. टपांवर करकचून बांधलेल्या बॅगा, मागच्या काचेतून डोकावणारी हवा भरलेली रबरी बदके, आणि प्रत्येक गाडीत पुढच्या आसनावर बसून मोबाइलमधल्या नकाशाच्या आधारे नवऱ्याला रस्ता सांगणारी एक गृहिणी. टोलनाक्याच्या रांगेत आमच्याच सोसायटीतली तीन कुटुंबे भेटली. त्यांतल्या एका गृहस्थांशी गाडी लावण्याच्या जागेवरून माझे दोन वर्षे बोलणे नाही, आणि येथेही त्यांनी आपली गाडी मध्येच घातल्यामुळे तो प्रघात मोडण्याचा प्रसंग आला नाही. उजाडता उजाडता कोल्हापुरास मिसळ, पुढे राधानगरी, दाजीपूरचे जंगल, आणि मग फोंडा घाट. घाटमाथ्यावर अंगात स्वेटर होता. निम्म्या उतारावर तो निघाला, पायथ्याशी सदऱ्याची वरची दोन बटणे सुटली, आणि कणकवलीस पोहोचेतो आम्ही मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींसारखे पाझरू लागलो. उघड्या काचांतून आंब्याच्या मोहोराचा वास आत येत होता. साडूंनी वही काढून ‘हवा दमट. वास मोहोराचा’ अशी नोंद केली आणि पुढे वेळ घातली.

आमचा मुक्काम मालवण गावाच्या कडेला, माडांच्या बागेतल्या एका जांभ्या दगडाच्या घरी होता. पुढे सारवलेले अंगण, मध्ये तुळशीवृंदावन, पाठीमागे पोफळी, आणि त्यांच्यापलीकडे न दिसणारा परंतु अखंड ऐकू येणारा समुद्र. घरधनी काका ओटीवर बसून जुने जाळे दुरुस्त करीत होते. आम्हांला पाहून ते उठले नाहीत, परंतु हसले मात्र असे, की आम्ही गेल्या वर्षी येथेच काहीतरी विसरून गेलो होतो आणि तेच न्यावयास आलो आहो. “इलात? वायच बसा, पाणी तापता हा.”

खोलीचा ताबा घेण्यापूर्वी साडूंनी रीतसर पंचनामा केला. खाटा लाकडी, नग २. उशा, नग ४, पैकी एक दबलेली. पंखा, चालू स्थितीत, आवाजासह. भिंतीवर पाल, नग १, जिवंत. हा दस्तऐवज त्यांनी काकांपुढे सहीसाठी ठेवला. काकांनी तो न वाचता सही केली आणि वर विचारले, “सही कित्याक? मी खय पळान जातलंय?” चौतीस वर्षांच्या नोकरीत साडूंना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी वहीत उत्तर शोधले. ते तेथे नव्हते.

‘वायच’ या शब्दाचा परिचयही त्याच दुपारी झाला. वायच म्हणजे थोडेसे, एवढा अर्थ आम्हांस ठाऊक होता. परंतु ते कालमापनाचे एकक आहे आणि त्याची लांबी सूर्य, भरती-ओहोटी, मासळीची आवक आणि सांगणाऱ्याची मर्जी यांवर अवलंबून असते, हे ठाऊक नव्हते. पाण्याचा वायच पंचवीस मिनिटांचा निघाला, जेवणाचा पन्नास, आणि ‘रिक्षेवालो वायच येतलो’ यातला वायच दुसऱ्या दिवशी सकाळी संपला. साडूंनी संध्याकाळपर्यंत एक कोष्टक तयार करीत आणले होते. त्यात नियम सापडेना तेव्हा त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि मला वाटते, मालवणाशी चाललेल्या युद्धातली त्यांची पहिली माघार ती हीच.

कोष्टकात गुंतून पडायच्या आधी, जेवण होताच आम्ही सिंधुदुर्ग पाहिला. धक्क्यावर होडीसाठी जी रांग होती, तिच्या शेंड्यावर उभे राहून मला एका ऐतिहासिक विसंगतीची जाणीव झाली. या किल्ल्याचा दरवाजा तटबंदीच्या वळणात असा दडविलेला आहे की समुद्रातून येणाऱ्या शत्रूस तो दिसत नाही. महाराजांच्या दूरदृष्टीचा हा नमुना सर्व मार्गदर्शक आवर्जून दाखवितात. आता मात्र कोणत्याही शत्रूने रांगेची शेपटी पकडून चालत राहावे, तो थेट दरवाजाच्या आत निघेल. कुरटे बेटावर किल्ला बांधावयाचे ठरले, किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कामास आरंभ झाला आणि १६६७ मध्ये, चहूंकडून समुद्राच्या लाटा आदळत असताना, ते पूर्ण झाले. ही तारीख ऐकून साडू होडीत बसल्या जागी स्तब्ध झाले. “तीन वर्षांत?” ते हळूच म्हणाले. “आमच्याकडे एका गावतळ्याचा गाळ काढण्याचा प्रस्ताव मी रुजू झालो तेव्हा आला होता. मी निवृत्त झालो तेव्हा तो अभिप्रायार्थ होता.” त्यानंतर किल्ल्याच्या तटाकडे पाहण्याची त्यांची रीत बदलली; इतर लोक दगड पाहत होते, ते मंजुरी पाहत होते.

होडीवाल्याने आम्हांस तासाची मुदत दिली होती. तीन वर्षांत बांधलेली वास्तू एका तासात पाहावयाची म्हणजे वर्षाला वीस मिनिटे पडतात, आणि त्यांतली पहिली पंधरा चुन्यात उमटलेल्या महाराजांच्या हातापायांच्या ठशांसमोर छायाचित्र काढणाऱ्यांच्या पाठी पाहण्यात गेली. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आम्ही शांतपणे पाहिले, कारण तेथे जोडे काढावे लागतात आणि वाळू तापलेली होती. गर्दी आपोआप विरळ झाली होती. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या खाऱ्या समुद्राच्या पोटातल्या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी पाहून साडूंस मालवणात प्रथमच सात्त्विक समाधान लाभले. १७६५ साली इंग्रजांनी हा किल्ला घेऊन त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस असे ठेवले होते, हे मी त्यांस सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला. “गॅझेटात निघाले असेल,” ते म्हणाले, “पण गावापर्यंत प्रत पोहोचली नसणार.”

आता मुख्य प्रसंगाकडे वळतो.

मालवणच्या बंदरावर सांजेस मासळीचा लिलाव होतो. होड्या लागतात, पाट्या उतरतात, आणि वाळूतच ठिकठिकाणी माणसांची कडी तयार होतात. दिवस मावळतीस आलेला, ओल्या वाळूवर केशरी उजेड, पाट्यांतून ठिबकणारे पाणी, पायांशी घुटमळणारी मांजरे, आणि कमरेला पदर खोचून, एका हाताने गिऱ्हाइकाला थोपवीत दुसऱ्या हाताने माशाचा कल्ला उचकटून पाहणाऱ्या बायका. एका पाटीत हातभर लांबीची सुरमई पडली होती, तिच्याकडे आमच्या सौभाग्यवती ज्या भावाने पाहत होत्या तो भाव मी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी पाहिला नव्हता. साडूंनी खरे म्हणजे लांबच उभे राहावयाचे. नाकाला रुमाल लावून ते तसे उभेही होते. परंतु ‘लिलाव’ हा शब्द त्यांच्या कानी पडला आणि त्यांचे पाय आपोआप पुढे झाले. वाळूचे, सरकारजमा झाडांचे, जप्त मालाचे असे कितीतरी लिलाव त्यांनी स्वहस्ते चालविलेले. लढाईतून परतलेल्या हत्तीने वाद्ये ऐकून कान टवकारावेत, तसे झाले.

“जाहीरनामा कुठे आहे?” त्यांनी प्रथम मला विचारले. “अनामत कोणी भरली? सरकारी बोली किती?” मी निरुत्तर. समोर लुंगी नेसलेला एक सावळा, धिप्पाड गृहस्थ पाटीमागून पाटी पायाने पुढे ओढीत, स्तोत्र पुटपुटावे तशा एका सुरात आकडे म्हणत होता, आणि कड्यातली माणसे बोलत काहीच नव्हती. कोणी भुवई उडवी, कोणी हनुवटी हलवी, एकीने तर नुसता पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि पाटी तिची झाली. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ हा घोष नाही, हातोडा नाही, नोंदवही नाही. बांगड्यांची एक पाटी पुढे आली. निळ्या-हिरव्या पाठी, चंदेरी पोटे, डोळे अजून टवटवीत. आकडा सातशेवरून आठशे, नऊशे, हजार असा चढत गेला, आणि अकराशेवर तो गृहस्थ कोणालाही तीनदा न विचारता पाटी उचलू लागला, तेव्हा साडूंच्या आयुष्यभराच्या संस्कारांचा बांध फुटला. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी आकाशाकडे ताठ उभारली आणि खणखणीत स्वरात म्हटले, “हरकत आहे!”

“बाराशे!” तो गृहस्थ गर्जला. “दिली! पाव्हण्यांका दिली!”

आणि पाटी साडूंच्या चरणांशी येऊन पडली.

पुढील पाच मिनिटांत साडूंनी जो युक्तिवाद केला तो एखाद्या महसूल न्यायाधिकरणापुढे निश्चित टिकला असता. बोट उभारणे हे बोलीचे निदर्शक असल्याची पूर्वसूचना नव्हती. बोली लावण्याचा उद्देश नव्हता. आणि सदर इसम मालाचा उपभोग घेण्यास धर्मतः अपात्र आहे. लिलाववाल्याने तिन्ही मुद्दे शांतपणे ऐकून घेतले व एकच प्रश्न विचारला. “मगे ता बोट कोणाचा?” याला उत्तर नव्हते. तेवढ्यात एका म्हाताऱ्या कोळणीचे लक्ष साडूंच्या गळ्याकडे गेले. “अगे बाय, ह्यो तर माळकरी!” ती म्हणाली, आणि बंदराच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत हशा असा पसरत गेला की उतरू लागलेले कावळे पुन्हा उडाले. मग तिनेच जवळ येऊन समजूत घातली. “घेवा हो काका. दर्याची लक्ष्मी ती, नको म्हणा नये.”

लक्ष्मी हा शब्द आल्यावर साडू हरले. त्यांनी बाराशे रुपये मोजून दिले आणि पावती मागितली. असली मागणी त्या वाळूवर पूर्वी कधी झाली नसावी. परंतु एका पोराने कोठूनसा पुठ्ठ्याचा तुकडा पैदा केला, त्यावर ‘बांगडे पाटी १, रु. १२०० पोचले’ असे लिहिले आणि ओल्या अंगठ्यासह साडूंच्या हाती दिले. साडूंनी तो वहीत ठेवला.

रिक्षा मिळेपर्यंत पाटी आम्हां दोघांस बाजारातून वाहून न्यावी लागली. एका बाजूस मी, दुसऱ्या बाजूस श्वास रोधून धरलेले साडू. मालवणात मासळी घेऊन जाणाऱ्याला कोणीही थांबवून भाव विचारू शकतो, हा तेथील नागरिकत्वाचा मूलभूत हक्क आहे. पहिल्याने विचारले, “कितक्याक गावले?” साडूंनी खाली मान घालून ‘बाराशे’ असे सांगितले, जणू गुन्ह्याचा कबुलीजबाब देत होते. “बाराशे? स्वस्तात गावले!” तो म्हणाला आणि पाटीत वाकून दोन बांगडे उलटेपालटे करून पाहू लागला. दुसऱ्याच्या वेळी साडूंनी मान वर ठेवली. किराणा दुकानाच्या पायरीवर बसलेल्या तिसऱ्या गृहस्थांनी तर, असल्या मालाला आपल्या मेहुण्याने कालच पंधराशे मोजले, असे जाहीर केले. आणि मी प्रत्यक्ष पाहिले, की साडूंनी रोधलेला श्वास सोडला, छाती किंचित पुढे काढली व पाटीचा आपल्याकडचा भाग थोडा उंच धरला. रिक्षा आली तेव्हा रिक्षेवाल्याने काही विचारण्यापूर्वीच ते म्हणाले, “बाराशे. ताजे आहेत. कल्ला बघा.”

घरी काकींनी पाटी पाहिली आणि कपाळाला हात लावला. “इतके बांगडे घेऊन करतलात काय?” त्यांनी अंगणात पाट मांडून विळीवर बांगडे साफ करण्यास घेतले, साडूंनी ओटीवरून मोजदाद केली, आणि नग ८६ भरले. तेथून पुढे छत्तीस तास आमच्या जीवनात बांगड्यावाचून काही उरले नाही. त्या रात्री तिखले. दुसऱ्या दिवशी सकाळी घावन्यांबरोबर तळलेले. दुपारी उडीद आणि मेथीच्या फोडणीची उडीदमेथी. रात्री हळदीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेले. शेजारच्या तीन घरी वाटे गेले. पलीकडच्या खोलीत उतरलेले नाशिकचे एक कुटुंब ‘बांगडेवाले साहेब कोणते’ असे विचारीत आले आणि पंगतीत बसले. साडू स्वतः चार हातांवर वेगळ्या पाटावर, वेगळ्या भांड्यांतले काळ्या वाटाण्यांचे सांबार आणि सोलकढी घेत असत. परंतु नजर सगळी पंगतीवर. कोणाच्या पानात दोन पडले, कोणाच्या तीन, हे ते बरोबर हेरीत आणि काकींस सांगत. आपण न खाणाऱ्या वस्तूचे इतके न्याय्य वाटप करणारा अधिकारी मी अन्यत्र पाहिलेला नाही, आणि कदाचित तेच त्याचे रहस्य असावे.

तिरफळाचा किस्सा एवढ्यातच सांगून टाकतो. बांगड्याच्या तिखल्यात काकी तिरफळे घालीत होत्या. वाळून फुटलेली, मिऱ्याहून थोडी मोठी काळपट फळे. आतले बी टाकून द्यायचे आणि साल ठेचून घालायचे. साडूंनी लांबूनच विचारले, “हे वनस्पतिजन्य आहे ना?” आहे, असे कळल्यावर, या व्यवहारात आपलाही काही वाटा असावा अशा भावनेने असेल, त्यांनी एक अख्खे तिरफळ उचलून तोंडात टाकले आणि चावले. तिरफळाने जीभ बधिर होते, हे काकी सांगणारच होत्या, ‘वायच’ थांबून. पुढचा अर्धा तास साडूंस एकही शब्द उच्चारता आला नाही. त्या अर्ध्या तासात आम्ही माडांतून वाहणारा वारा ऐकला, गाज ऐकली, दोघी बहिणींनी लहानपणची एक गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, आणि मला प्रथमच वाटले की आपण सुटीवर आलो आहो.

रविवारी तारकर्ली आणि देवबाग झाले. पांढरी वाळू, एका अंगास कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगास समुद्र, त्यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी, आणि त्या पट्टीवर पुणे. याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही. परंतु त्याच सकाळी, आम्ही सारे झोपेत असताना, साडू एकटेच उठून किनाऱ्यावर रापण पाहून आले होते. अर्धवर्तुळात पसरलेले ते अवाढव्य जाळे, त्याच्या दोन्ही दोरांना लागलेली वीस-वीस माणसे, आणि तासाभराच्या ओढाओढीनंतर वाळूवर आलेली फडफडती चांदी, हे सर्व त्यांनी मला इतक्या तपशिलाने सांगितले की मी विचारले, तुम्हीही दोर ओढलात काय? “छे!” ते म्हणाले. “मी पूर्ण वेळ दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होतो.”

जयगणेशाच्या देवळातही आम्ही जाऊन आलो. ज्या कॅलेंडराने आम्हांस येथवर धाडले, ते ‘कालनिर्णय’ १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच, आणि हे देऊळ त्यांनीच उभारलेले, हे कळताच साडूंनी दक्षिणेचा आकडा अकरावरून एक्कावन्न केला व बराच वेळ हात जोडून उभे राहिले. बाहेर आल्यावर मी विचारले, काय मागितले? यंदाचा १५ ऑगस्ट शनिवारी येतो आहे, त्याबाबत काही फेरविचार होऊ शकेल काय, अशी तोंडी विनंती आपण केल्याचे त्यांनी सांगितले.

सोमवारी सकाळी निघण्यापूर्वी साडू इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तयार होते. झेंडावंदन चुकविणे त्यांना शक्य नव्हते. परक्या तालुक्याची का होईना, मामलेदार कचेरी ती मामलेदार कचेरी. मीही बरोबर गेलो. सव्वानऊला झेंडा फडकला, राष्ट्रगीत झाले, आणि ओळी मोडून जिलबीचे पुडे फिरू लागले, तोच समोरून कडक पांढऱ्या कपड्यांतला एक धिप्पाड गृहस्थ आला. लुंगीवाचून मी त्याला क्षणभर ओळखले नाही. त्याने साडूंस हात जोडले आणि कचेरीतल्या साऱ्या मंडळींस ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “काय काका, बांगडे कशे होते?”

साडूंनी इकडे तिकडे पाहिले. माळ सदऱ्याच्या आत होती.

“उत्तम,” ते म्हणाले. “एक नंबर.”

परतीचा प्रवास मी सांगत नाही. गेलेली नगरी त्याच दिवशी, त्याच तासाला, त्याच रस्त्याने परत येत होती, आणि रबरी बदकांतली हवा गेलेली होती एवढाच काय तो फरक. हिशेब मात्र गुरुवारी टपालाने आला, साडूंचे घर आमच्यापासून दोन बसथांब्यांवर असूनही. पेट्रोल, टोल, खोलीभाडे, होडी, दक्षिणा, सर्व रकमा दोन कुटुंबांत समसमान. सातव्या ओळीवर ‘लिलावात घेतलेल्या हरकतीचे शुल्क, रु. १२००, पैकी आपला हिस्सा रु. ६००’ असे होते, आणि मासळी हा शब्द आरंभापासून अखेरपर्यंत कोठेही नव्हता. शेवटी ‘चूकभूल देणे घेणे’. मी निमूट पैसे पाठविले. प्रमाणक क्रमांक ७ म्हणून तो पुठ्ठा साडूंनी मूळ प्रतीत जोडला होता. ते पाकीट उघडल्यापासून तिसऱ्या मजल्यावरचे मांजर आमच्या दाराशी बसून आहे.